बोटीवरची बारा मिनिटं

खुब्याचं हाड मोडल्यावर मावशी माझ्याकडे उज्जैनच्या फ्रीगंजला राहायला आली. बरोबर दोन पिशव्या कपडे, देवांचा डबा आणि एक चौकोनी पत्र्याची पेटी, एवढंच सामान. कपडे मी कपाटात लावले, देव देवघरात मांडले आणि पेटीचं झाकण उघडलं, तर नाकाला झिणझिण्या आल्या. मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. तो वास मी झोपेतही ओळखेन. सिरक्याचा वास, म्हणजे ॲसेटिक ॲसिड.

आत तीन चपट्या गोल डब्या होत्या. प्रत्येक डबी धुऊन धुऊन मऊ झालेल्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. वास त्यातल्या एकीला येत होता. उघडून पाहिलं तर फिल्मचं रीळ. जुन्या फिल्मची प्लास्टिकसारखी पट्टी कुजायला लागली की असा वास सुटतो, आणि एकदा सुरू झालं की ते थांबत नाही, एवढं मला माहीत होतं.

"मावशी, हे खराब व्हायला लागलंय. बाकीची दोन पण जातील. काढून टाकू का?"

"हात नको लावू!" पलंगावरून ती ओरडली. कॉटनचा निर्जंतुक ट्रे कोणी उघड्या हातानं धरला की नर्स ओरडते, तशी. मग म्हणाली, "कडेनं धर. बोटं मधे नाही लागली पाहिजेत. त्या बाईंच्या आहेत."

त्या बाई म्हणजे कोण, हे आमच्या घरात सगळ्यांना अर्धवट माहीत होतं. मावशीनं लग्न केलं नाही. अठराव्या वर्षी ती देवास गेटजवळच्या एका लहानशा दवाखान्यात कामाला लागली, तिथे अकरा वर्षं राहून बाळंतपणं करायला शिकली आणि पुढे सरकारी दवाखान्यात नर्स झाली. तो पहिला दवाखाना एका परदेशी डॉक्टरीणबाईंचा होता. मावशी त्यांना नुसतं "बाई" म्हणते. लहानपणी मला वाटायचं त्या इंग्रज असतील. त्या इंग्रज नव्हत्या. व्हिएन्नाच्या ज्यू होत्या. हिटलरचे लोक तिथे आल्यावर त्यांची डॉक्टरकी बंद करण्यात आली, म्हणून लढाईच्या आदल्या वर्षी एकट्या बोटीनं मुंबईला आल्या आणि तिथून कोणाच्या तरी ओळखीनं आमच्या उज्जैनला. हे सगळं मावशीनं मला त्या दुपारी सांगितलं. पेटी तिच्या मांडीवर होती. मी सत्तावन्न वर्षांची, मावशी सत्त्याऐंशीची, आणि ही गोष्ट आमच्यात आजवर झालीच नव्हती.

"बाई कधी काही बोलायच्या नाहीत घराबद्दल. मी पण नाही विचारलं. आमच्याकडे टाइम कुठे होता? बाया रांगेत बसलेल्या असायच्या."

"मग ही रिळं तुझ्याकडे कशी?"

"बाईंची नजर कमी झाली न. ऑपरेशन जमेना. त्यांचा भाऊ ऑस्ट्रेलियात होता, त्यानं बोलावून घेतलं. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ही पेटी दिली. म्हणाल्या, मी येताना बोटीवर सिनेमा घेतला होता. मला बघवत नाही आणि टाकवत पण नाही. तू ठेव."

"आणि तू ठेवलीस."

"नुसती ठेवून कसं चालेल? त्यांनी सांगितलं होतं, दरवर्षी दिवाळी झाली की उघडायची, हवा द्यायची, या चकरीवरून त्या चकरीवर हळूहळू फिरवायची, कोरड्या फडक्यानं पुसायची. ओल आली की संपलं."

मी मनात हिशेब केला. जवळजवळ साठ दिवाळ्या. या साठ वर्षांत मावशीनं चार घरं बदलली, आईवडील गेले, बदलीवर ती तीन वर्षं शाजापूरला राहिली. पेटी तिच्याबरोबर गेली आणि आली. दोन विणायच्या सुयांवर ती रिळं फिरवायची. आणि आत काय आहे ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं.

"उजेडासमोर धरून तरी बघायचंस."

"मला ठेवायला दिली होती," मावशी म्हणाली. "बघायला नाही."

मग तीच खाली बघत म्हणाली, "पण आता मला बघायची आहे. आता बाई नाहीत. आणि मी पण किती दिवस?"

टावर चौकाच्या मागच्या गल्लीत एका भाईसाहबांचं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, फ्रेम. एके काळी अर्ध्या उज्जैनच्या लग्नांचं शूटिंग त्यांनी केलं होतं, आधी फिल्मवर, मग व्हिडिओवर. माझ्या लग्नाचंही त्यांनीच केलं. आता सत्तरी उलटून गेली आहे, पण बिघडलेला कॅमेरा दिसला की त्यांचे डोळे चमकतात. मी एक डबी घेऊन गेले. त्यांनी हात पुसले, फिल्मचं टोक कडेनं धरून उजेडात नेलं आणि उलटंसुलटं करून निरखलं.

"बहनजी, इसके छेद तो बीच में हैं."

फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात हे मलाही माहीत होतं. या फिल्मला दर दोन चित्रांच्या मधे, पट्टीच्या मध्यावर, एकेक भोक होतं. भाईसाहबांनी सांगितलं, हा जुना युरोपातला घरगुती प्रकार, अरुंद फिल्म, हौशी लोकांसाठी. त्यांनी नुसता ऐकला होता, पाहिला आजच. ती चालवायचं मशीन उज्जैनमध्ये नाही, इंदूरमध्येही नसेल.

"मतलब नहीं होगा?"

"मैंने ये कब कहा?"

आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. खिडकीच्या चौकटीत बसवतात तसली ॲल्युमिनियमची पट्टी कापून त्यांनी फिल्म सरकायला एक अरुंद पन्हळ केली होती. खाली पांढरा दिवा, वर उलटा लटकवलेला डिजिटल कॅमेरा. आणि मधे, स्प्रिंगवर बसवलेली शिवणयंत्राची सुई. सुई भोकात उतरली की चित्र बरोबर कॅमेऱ्याखाली थांबायचं. बटण दाबायचं, फोटो निघायचा. सुई वर, फिल्म एक घर पुढे, सुई खाली. असे हजारो फोटो एकामागून एक जोडले की झाला सिनेमा.

"एक रील में चार हज़ार के आसपास तस्वीरें होंगी," ते म्हणाले. "जो बिगड़ रही है, वो पहले."

त्या हिवाळ्यात मी रोज सकाळी दहा वाजता त्यांच्या दुकानात जात होते. फिल्म मी सरकवायचे, बटण ते दाबायचे. बिघडलेलं रीळ आकसलं होतं, सुई भोकात बसेना. त्यांनी बारीक सुई लावली. कुठे फिल्म वाकली होती तर दोन काचांमध्ये दाबून एकेक चित्र काढलं. एका सकाळी तासाभरात जेमतेम चाळीस चित्रं झाली. मी वैतागले. ते म्हणाले, "बहनजी, जिसने खींचा, उसने एक बार में खींचा. उसको दूसरा मौक़ा नहीं था. हमको तो है." गिऱ्हाईक आलं की ते उठून पासपोर्ट फोटो काढायचे, हसू नका म्हणून सांगायचे आणि परत स्टुलावर येऊन बसायचे. एकदाही त्यांनी पुरे म्हटलं नाही. माणसाचं कसब म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं ते त्या दुकानात कळलं.

कडक थंडी ओसरता ओसरता तिन्ही रिळं झाली. सगळी मिळून बारा मिनिटं. आवाज नाही, काळीपांढरी. एका दुपारी जेवणं झाल्यावर मी मावशीला दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसवलं आणि पेनड्राइव्ह लावला.

सुरुवातीला एक घर. दगडी पायरी, उघडं दार, दारात एक म्हातारा आणि एक म्हातारी, दोघं कोटात. म्हातारा टोपी काढतो, परत घालतो, परत काढतो. हातांचं काय करावं हे त्याला कळत नसावं. म्हातारी कॅमेऱ्याकडे न बघता कॅमेऱ्याच्या मागे, म्हणजे कॅमेरा धरणारीकडे बघते आहे. चित्र हलतंय. मग एकदम तुटतं.

मावशी पुटपुटली, "आईवडील."

मग बंदर. बोटीची भिंतीसारखी उंच बाजू, दोरखंड, रुमाल हलवणारे लोक. पुढे डेक. आरामखुर्च्या, वाऱ्यानं उडणारे केस, दोरीची कडी फेकून खेळायचा खेळ. एकाची टोपी उडून समुद्रात जाते आणि सगळे पोट धरून हसतात. कालव्याच्या काठानं चालणारा उंट. बोटीला खेटून आलेल्या होड्या, त्यांतून टोपल्या वर ओढल्या जातात.

मी रिळं सरकवताना ही चित्रं एकेक करून पाहिली होती. हलताना पहिल्यांदा पाहत होते. माझ्या मनात आलं, यांतल्या प्रत्येकाचं घर सुटलंय, काम सुटलंय, मागे कोणी ना कोणी राहिलंय. आणि बाईंनी कॅमेरा कुठे धरला? उडालेल्या टोपीवर, हसणाऱ्या माणसांवर, पेंगणाऱ्या पोरावर, सुईत दोरा ओवणाऱ्या एका बाईच्या बोटांवर. पहिल्या रिळात हात थरथरतो. तिसऱ्या रिळापर्यंत त्या इतक्या तयार झाल्या की कॅमेरा स्थिर धरून वाट बघतात आणि माणसं चालत चौकटीत येतात. भाईसाहबांनी हे माझ्या आधी ओळखलं होतं. "हर शॉट पाँच-छह सेकंड का. गिन-गिन के ले रही थीं. सफ़र लंबा और रीलें तीन," ते म्हणाले होते. "किसी ने सिखाया नहीं. रास्ते में सीखीं."

मग एक गंमत आली. डेकवर एक हिंदुस्थानी तरुणी, बहुधा शिकून परत येणारी, एका गोऱ्या बाईला स्कर्टवरूनच साडी नेसवते आहे. वारा पदर पळवतोय. गोरी बाई गोल फिरते, अडखळते, कॅमेऱ्याकडे तोंड करून खदाखदा हसते. त्या वेळी कॅमेरा दुसऱ्या कोणाच्या हातात होता.

"बाई!" मावशी पुढे झुकली. "अगं, या तर बाई! किती लहान आहेत."

मी थांबवून परत लावलं. मावशीनं चष्मा सावरला.

"निऱ्या उलट्या खोचल्यात. बाई कधी साडी नेसल्या नाहीत. मी किती म्हणायची. तर म्हणायच्या, मला जमत नाही, मी प्रयत्न केला आहे." ती हसायला लागली. "शिकवणारीच कच्ची होती!"

दुसऱ्या रिळाच्या शेवटी एक तुकडा होता, तो भाईसाहब गाळणार होते. जवळजवळ सगळा काळा. मधे फक्त दोन पांढरे ठिपके, किंचित हलणारे. आम्हाला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. शेवटी राहू दिला, कारण काही गाळायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पडद्यावर ते दोन ठिपके आले तेव्हा मी रिमोट उचलला.

"थांब," मावशी म्हणाली. "मेणबत्त्या आहेत."

"कशावरून?"

"शुक्रवार आहे. बाई दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी मागच्या खोलीत दोन मेणबत्त्या लावायच्या. डोळ्यांवर असे हात ठेवायच्या." मावशीनं स्वतःचे दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवून दाखवले. "बाळंतीण अडलेली असली तरी दोन मिनिटं जाऊन लावून यायच्या. मला पहिल्यांदा वाटलं, बत्ती गुल होणार असेल. मग कळलं, त्यांचं देवाचं आहे. त्या दिवशी मी त्या खोलीत जायची नाही."

त्या फिल्मला अंधारातलं काही दिसायचं नाही, हे बाईंना माहीत असणार. तरी त्यांनी कॅमेरा चालू केला. मोजून मापून वापरलेल्या फिल्ममधले ते सगळ्यात लांब सेकंद होते. आम्ही दोघं शिकलेली माणसं, मी आणि भाईसाहब, ते चुकलेलं समजत होतो. सिनेमा वाचता आला तो मावशीला.

त्यानंतर मावशीलाच वाटायला लागलं, की हे बाईंच्या माणसांना मिळालं पाहिजे. तिच्याजवळ ऑस्ट्रेलियाहून आलेली बाईंची तीन जुनी पत्रं होती. पत्ता पन्नास वर्षांपूर्वीचा. मी त्या शहरातल्या ज्यू लोकांच्या एका संग्रहालयाला ईमेल लिहिलं, सोबत आठ-दहा चित्रं जोडली. दोन महिने काही नाही. मग एके दिवशी बाईंच्या भावाच्या नातीचं उत्तर आलं. माझ्याच वयाची. पहिली ओळ अशी होती की दारातला तो टोपीवाला म्हातारा तिचा पणजोबा आहे. तिच्याकडे त्याचा एकच फोटो आहे, आणि त्यात तो नुसता ताठ उभा आहे; टोपी काढताना तिनं त्याला प्रथमच पाहिलं.

आम्ही व्हिडिओ कॉल केला. तिनं तोपर्यंत सगळी बारा मिनिटं पाहिली होती. तिनं सांगितलं, देश सोडताना त्या लोकांना पैसे बरोबर नेता येत नसत, म्हणून कित्येक जण कॅमेऱ्यासारख्या वस्तू घेऊन निघत. बाईंनी हा कॅमेरा तसाच घेतला असावा. तिच्या आजोबांनी, म्हणजे बाईंच्या भावानं, आधीच ऑस्ट्रेलिया गाठलं होतं. दोघा बहीणभावांनी आईवडिलांना बोलावून घ्यायचे खूप कागद केले. कागद पोचले नाहीत. म्हातारा-म्हातारीला छावणीत नेलं, तिथून ती परत आली नाहीत. बाईंनी मरेपर्यंत त्यांचं नाव काढलं नाही. फिल्म आहे, हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

मी हे सगळं मावशीला मराठीत सांगितलं. मावशीनं पडद्यावरच्या त्या नातीला विचारलं, हिंदीतच, "बेटा, तुमने खाना खाया?"

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर ती रडायलाच लागली. मग तिनं विचारलं, की एवढी वर्षं हे का सांभाळलं, विचार तुझ्या मावशीला.

मावशीला प्रश्नच कळला नाही. मी दोनदा समजावून सांगितला. "बाईंनी सांगितलं होतं न," ती म्हणाली. मी इंग्रजीत त्यात काही भर घातली नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती नात स्वतः उज्जैनला आली. चार दिवस राहिली. सकाळी आम्ही पोहे खायचो, मग ती मावशीच्या पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसायची. मावशी तिला दवाखान्याच्या गोष्टी सांगायची, मी मधे दुभाषी. बाई खाटेखाली शिरून घाबरलेल्या बाळंतिणीला कशा बाहेर काढायच्या, मालवी बोलीतल्या शिव्या त्या कोणाकडून शिकल्या, खेड्यात बैलगाडीनं जाऊन आधी पाय बाहेर आलेलं मूल त्यांनी कसं सोडवलं. तिला माहीत असलेली आत्याआजी म्हणजे खिडकीशी बसलेली, कमी दिसणारी, गप्प म्हातारी. ती म्हणाली, तुम्ही लोकांनी मला दुसरीच बाई दिलीत.

जायच्या दिवशी मावशीनं रिळं तिच्या हवाली केली, पण आधी विणायच्या सुयांवर ती कशी फिरवायची ते शिकवलं. "धीरे. खींचना नहीं. फिर से." तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा मान हलवली, तेव्हाच पेटी बंद झाली. टॅक्सी इंदूरच्या विमानतळाकडे निघाली तेव्हा मावशी वॉकर धरून फाटकापर्यंत आली होती. हाड मोडल्यापासून ती एवढं लांब चालली नव्हती.

दोन दिवसांनी ती म्हणाली, "मला त्या भैयांना भेटायचं आहे."

टावर चौक आमच्या घरापासून पाच मिनिटं. आम्हाला अर्धा तास लागला. तीन ठिकाणी बसलो. भाईसाहबांनी तिला येताना पाहिलं आणि गिऱ्हाईक तसंच ठेवून बाहेर आले, हात धरून आत नेलं, स्वतःची खुर्ची दिली. मावशीनं ती ॲल्युमिनियमची पट्टी पाहायला मागितली. त्यांनी चालवून दाखवली. पन्हळीत आता देवासच्या कोण्या घराण्याची फिल्म होती. भाईसाहबांकडे असलं काम होतं, हे हळूहळू लोकांना कळायला लागलं होतं. सुई वर गेली, खाली आली. मावशी वाकून पाहत होती.

"भैया, आपने हमारी बाई को हँसते हुए दिखा दिया," ती म्हणाली. "हमने ग्यारह साल में इतना नहीं देखा था."

"हँसी तो उन्हीं की थी, अम्मा. मैंने बस सुई लगाई."

"सुई लगाना हमको मालूम है," मावशी म्हणाली. "सबको नहीं आता."

भाईसाहबांनी हात जोडले. मग समोरून तीन चहा मागवले. मावशी कधी साखरेचा चहा घेत नाही, त्या दिवशी घेतला. गिऱ्हाईक अजून पासपोर्ट फोटोसाठी ताटकळत उभं होतं, त्यालाही एक चहा मिळाला. भाईसाहब त्याला म्हणाले, दस मिनट रुको, आज हमारे यहाँ बड़े लोग आए हैं.